बेकारीची भरपाई कागदावर अडते: पुणे जिल्हा प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. आयुक्त, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका
मा. अपर कामगार आयुक्त, पुणे

विषय: मंदीत काम गेलेल्या कंत्राटी, रोजंदारी व लघुउद्योगांतील कामगारांना सावरण्यासाठी जिल्हा पातळीवर करता येण्याजोग्या गोष्टींबाबत.

महोदय / महोदया,

भोसरी, पिंपरी, तळवडे, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात मंदी कशी उतरते याचा क्रम ठरलेला आहे. मोठा कारखाना आधी तिसरी पाळी बंद करतो, मग महिन्यातले काही दिवस ‘ब्लॉक क्लोजर’ लावतो, म्हणजे उत्पादनच बंद ठेवतो. कायम कामगार रजा खर्ची टाकून तो काळ काढतात. त्याच सुमारास पुरवठादाराचे शेड्यूल कापले जाते, पुरवठादार जॉबवर्कवाल्याचे (सुटे काम करून देणाऱ्या वर्कशॉपचे) काम थांबवतो आणि जॉबवर्कवाला ठेकेदाराला सांगतो, ‘उद्यापासून आठच माणसं पाठव.’ उरलेल्यांना ना नोटीस मिळते, ना पत्र. गेटपास परत घेतला की विषय संपला. २००८-०९ ला हे झाले, २०१९ ला वाहनविक्री घसरली तेव्हा झाले, २०२० च्या टाळेबंदीत तर सगळीकडेच झाले. ऑर्डरी परत येतात तेव्हा माणूसही परत येतो. पण नव्या ठेकेदाराच्या नावाने, नव्या क्रमांकाने आणि बहुधा जुन्याच रोजावर.

या माणसासाठी योजनाच नाहीत, अशी आमची तक्रार नाही. योजना आहेत, काही ठिकाणी पैसाही आहे. पण बहुतेकांची पात्रता अशी लिहिली आहे की काम असेपर्यंत माणूस पात्र असतो आणि काम गेले की नेमका अपात्र ठरतो. यातल्या काही गाठी दिल्ली-मुंबईतच सुटतील. बाकीच्या तुमच्या सहीने सुटतात, आणि त्यासाठीच हे पत्र.

सुरुवात ईएसआयपासून, म्हणजे राज्य कामगार विम्यापासून. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के असा हप्ता जातो. दवाखान्यापलीकडे याचा उपयोग आहे हे फार थोड्यांना माहीत असते. १ जुलै २०१८ पासून ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ आहे. काम गेल्यावर ९० दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. तो आधी सरासरी कमाईच्या २५ टक्के होता, २०२० पासून ५० टक्के झाला. योजनेची मुदत अधूनमधून वाढवली जाते आणि आयुष्यात एकदाच तिचा लाभ मिळतो. वाहन उद्योगाला बारा वर्षांत तीनदा ठेच लागली. या पट्ट्यात कामाला लागलेल्या पोराला निवृत्तीपर्यंत अशा किती मंद्या पाहाव्या लागतील? ‘आयुष्यात एकदा’ ही अट काढावी आणि योजना कायम करावी, अशी शिफारस राज्यामार्फत केंद्राकडे गेली पाहिजे. पण ते पुढचे. आज आहे तो लाभ तरी का मिळत नाही, हे आधी पाहू.

अट अशी की काम जाण्याआधीच्या लगतच्या सहामाहीत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या काळात, निदान ७८ दिवसांचा हप्ता भरलेला हवा आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत आणखी ७८ दिवस हवेत. वरवर सोपे वाटते. मंदीत मात्र माणसाला एका झटक्यात काढत नाहीत. आधी आठवड्याला तीन दिवस बोलावतात. सहामाहीत २६ आठवडे. सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर. म्हणजे एक दिवस ताप आला, किंवा गणपतीत दोन दिवस गावाला गेला, की हिशेब ७७ किंवा ७६ वर येतो आणि दावा बाद. जितकी मंदी लांबते तितके दिवस कमी भरतात आणि लाभ हातातून निसटतो.

रकमेचा हिशेबही पाहा. मागच्या चार सहामाहींतली एकूण कमाई भागिले ७३०, अशी दिवसाची सरासरी काढतात. महिना १५,६०० रुपयांवर सलग २४ महिने काम केलेल्या माणसाची सरासरी ५१३ रुपये येते. त्याच्या निम्मे २५६. नव्वद दिवसांचे सुमारे २३,००० रुपये. आता हाच माणूस त्या दोन वर्षांत नोंदीवर १४ महिनेच दिसत असेल, तर भागाकार ७३० नेच होणार. सरासरी २९९ वर येते आणि हातात साडेतेरा हजारही पडत नाहीत. बाकीचे दहा महिने तो कामावरच होता. ठेकेदार बदलल्यावर त्याचा नवा विमा क्रमांक काढला गेला आणि जुना क्रमांक तसाच राहून गेला, एवढेच झाले. एका माणसाचे दोन-तीन क्रमांक ही या भागातली नेहमीची गोष्ट आहे आणि ते एकत्र करून घ्यायला महिने जातात.

तिसरी अडचण एका रकान्याची आहे. ईएसआयच्या मासिक भरण्यात एखाद्याचे शून्य दिवस दाखवायचे तर कारण निवडावे लागते. यादीत ‘लेफ्ट सर्व्हिस’ (काम सोडले) आहे, ‘रिट्रेंचमेंट’ (छाटणी) आहे, ‘नो वर्क’ (काम नाही) आहे. ठेकेदाराचा हिशेबनीस सवयीने ‘लेफ्ट सर्व्हिस’ टाकतो, कारण त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. स्वतःहून काम सोडणाऱ्याला हा भत्ता नाही. कामाला लागतानाच कोऱ्या राजीनाम्यावर सही घेतलेली असेल तर मग बोलायलाच नको. पीएफमध्येही तसेच: सोडल्याची तारीख भरली नाही की पैसे काढण्याचा अर्ज पुढे सरकत नाही. कामगाराला ती तारीख स्वतः ऑनलाइन भरता येते, पण शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटल्यावरच. हातात पैसा नसलेल्या माणसाला ते दोन महिनेच सर्वांत जड जातात.

यावर उपाय साधा आहे आणि दोन्ही महापालिकांनी तो स्वतःच्या निविदांपासून सुरू करावा. सफाई, सुरक्षा, उद्यान, पाणीपुरवठा या सगळ्या कामांवर हजारो कंत्राटी माणसे तुमचीच आहेत. निविदेत तीन अटी घाला. नवा ठेकेदार आला तरी माणसाचा जुना ईएसआय क्रमांक आणि यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) तोच राहील. जाणाऱ्या प्रत्येक माणसाची सोडल्याची तारीख आणि खरे कारण भरल्याची पोच दिल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल आणि अनामत सुटणार नाही. आणि बिलातला मजुरीचा भाग वेगळा काढून आधी दिला जाईल. महापालिकेकडून बिल निघाले नाही म्हणून पगार नाही, हे कारण ठेकेदाराच्या तोंडून फार ऐकू येते. मजुरी बुडाली तर मूळ मालक म्हणून जबाबदारी तुमच्यावरच येते, तेव्हा हे तुमच्याही सोयीचे आहे. खासगी कारखान्यांसाठी अपर कामगार आयुक्तांनी ईएसआय आणि पीएफ कार्यालयांसह महिन्यातून एक संयुक्त शिबिर भोसरी आणि चाकणला घ्यावे. क्रमांक जोडणे, तारीख भरणे, कारण दुरुस्त करणे ही तीनच कामे, एकाच टेबलावर. वेळ रविवारी सकाळची. मंगळवारी अकरा ते चार ठेवलेल्या शिबिराला खाडा पाडून कोणी येत नाही.

ले-ऑफ (काम नसल्याने तात्पुरते घरी बसवणे) भरपाईबद्दल एवढेच. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम द्यायची हे कायद्यात आहे, पण पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला ते लागू नाही. कारखान्यात हजार माणसे असतात आणि ठेकेदारांच्या हजेरीपटावर प्रत्येकी पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. हा योगायोग नाही, हे तपासणी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

बांधकाम मजुरांची गोष्ट याहून विचित्र आहे. डांगे चौकात, वारज्यात, वाघोलीत सकाळी सातला अड्ड्यावर उभ्या असणाऱ्या माणसासाठी स्वतंत्र कल्याणकारी मंडळ आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर त्यासाठी गोळा होतो आणि परवानगी देताना तो बहुतेक वेळा तुमच्याच महापालिका वसूल करतात: पन्नास कोटींच्या प्रकल्पामागे पन्नास लाख. २०२० मध्ये याच मंडळाने नोंदीत मजुरांच्या खात्यात आधी २,००० आणि नंतर ३,००० रुपये थेट जमा केले. म्हणजे वाट तयार आहे, फक्त नोंद जिवंत हवी. नोंद दर वर्षी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बांधकामे थंडावलेल्या वर्षात ९० दिवस भरत नाहीत, दाखला मिळत नाही, नोंद मरते. आणि पुढची मदत जाहीर होते ती फक्त जिवंत नोंदींसाठी. शिवाय अड्ड्यावरच्या माणसाला वर्षात पंधरा-वीस मालक होतात. दोन दिवस स्लॅबवर, चार दिवस फरशीवर, एक दिवस नुसता राडारोडा उचलायला. त्यातला कोण सही-शिक्का देणार? मग दाखला विकत मिळतो, आणि ज्याने आयुष्यात थापी धरली नाही असाही माणूस यादीत जातो.

क्षेत्रीय कार्यालयांनी अड्ड्यावरच हजेरी कार्ड द्यावे: सकाळी सात ते नऊ एक लिपिक, एक टॅब, माणूस उभा होता एवढीच नोंद. काम मिळाले की नाही हे दुसऱ्या दिवशी विचारून भरता येते. या नोंदींवर महापालिकेचा अधिकारी ९० दिवसांचा दाखला देऊ शकतो. याचा आणखी एक फायदा आहे. अड्ड्यावर किती माणसे उभी राहिली आणि त्यांतली किती कामाविना परतली, याचा रोजचा आकडा तुमच्या हातात येतो. मंदीची इतकी ताजी खबर दुसरे कोणी देत नाही. आणि ज्या वर्षी हा आकडा बिघडेल त्या वर्षी मागच्या वर्षीची नोंद आपोआप पुढे चालवावी, असा ठराव मंडळाकडे पाठवावा.

आता धान्य. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. शहरासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. किमान वेतन पूर्ण मिळणारा कोणताही कामगार यात बसत नाही. वर्षाला १,८७,२०० कमावणारा आपला वरचा माणूस तर एक लाखाच्याही वर गेला. नियमाने पाहिले तर त्याचे कार्ड केशरीसुद्धा नाही, पांढरे. आणि उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीच्या कमाईवर मिळतो, त्यामुळे आज काम गेलेला माणूस कागदोपत्री अजून कमावताच असतो. २०२० च्या मे-जूनमध्ये राज्याने केशरी कार्डांना ८ रुपये किलोने गहू आणि १२ रुपये किलोने तांदूळ दिला होता. त्याच दराने, सहा महिन्यांसाठी, काम सुटल्याच्या नोंदीवर धान्य द्यावे. उत्पन्नाचा दाखला मागू नये. ईएसआयच्या ‘नो वर्क’ नोंदीची किंवा अड्ड्याच्या कार्डाची प्रत रेशनच्या परिमंडळ कार्यालयात पुरेशी मानावी. परजिल्ह्यातल्या, परराज्यातल्या कामगाराचे कार्ड गावी असते; ‘एक देश एक रेशन’मुळे त्याच्या वाट्याचे धान्य इथे उचलता येते, पण दुकानात साठा स्थानिक कार्डांच्या मापाने येतो आणि बाहेरच्याला ‘संपलं’ असे उत्तर मिळते. चिखली, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी भागांतल्या दुकानांचा साठा तेवढा वाढवून घ्यावा लागेल.

धान्य आणि भत्ता यांनी तीन महिने निघतात. पुढे काम लागते, आणि इथे महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७७ ला तिचा कायदा झाला. पैसा कुठून आला? मुख्यत्वे १९७५ च्या व्यवसाय करातून. महिना दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुष कामगाराच्या स्लिपमध्ये आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ‘पीटी’ कापली जाते, वर्षाला २,५००. दहा वर्षे भोसरीत काम केलेल्याने गावच्या रोजगार हमीसाठी २५,००० रुपये भरले. ते योग्यच झाले. पण त्याचे काम गेले तर त्याला शहरात एका दिवसाचेही काम हक्काने मागता येत नाही. केरळने शहरी रोजगार हमी २०१० मध्येच सुरू केली, राजस्थानने २०२२ मध्ये. आपण, ज्यांनी ही कल्पना देशाला दिली, अजून थांबलो आहोत.

राज्याचा कायदा होईल तेव्हा होवो. दोन्ही महापालिकांना मर्यादित प्रमाणात हे आजच करता येते. दहा हजार माणसांना प्रत्येकी ५० दिवस, रोज ६०० रुपये धरला तर मजुरीचे ३० कोटी. एकूण खर्चात साहित्याचा वाटा चौथा हिस्सा ठेवला तर सगळे मिळून ४० कोटी. पुणे महापालिकेचे अंदाजपत्रक १२ हजार कोटींच्या वर गेले आहे. म्हणजे हजारातले तीन-साडेतीन रुपये, आणि तेही फक्त मंदीच्या वर्षात.

यात काय बिघडते तेही सांगतो. पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), तांत्रिक मंजुरी, निविदा यांत चार-पाच महिने जातात आणि तोवर माणसे गावाला निघून गेलेली असतात. म्हणून रोजगार हमीत असते तशी मंजूर कामांची तयार यादी, म्हणजे ‘शेल्फ’, प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने दर वर्षी तयार ठेवावी, मंदी असो वा नसो. दुसरे, ओढे-नाले सफाईचे काम निघाले की जेसीबी येतो. त्याला एक चालक पुरतो आणि मजुरी शून्य. या शेल्फमधल्या कामांवर यंत्र आणि ठेकेदार दोन्ही नकोत. हजेरीपट कामाच्या जागी लावलेला असावा आणि पैसे सात दिवसांत खात्यात जावेत. तिसरे, वेल्डरच्या हातात खोरे देऊ नका. काम गेलेल्यांत फिटर, वेल्डर, वायरमन, प्रेस ऑपरेटर बरेच असतात. महापालिकेच्या शाळांची बाके, उद्यानांचे गज, बसथांब्यांची छपरे, दवाखान्यांचे वायरिंग अशी दुरुस्तीची कामे वर्षानुवर्षे तुंबलेली आहेत. कुशल माणसाला कुशल कामाचा रोज द्या. निम्मी कामे बायकांसाठी राखा आणि तिथे पाळणाघराची सोय करा. कारखान्यात पॅकिंग आणि असेंब्ली लाइनवरून सर्वांत आधी त्याच कमी होतात.

कर्जाकडे फारसे कोणी पाहत नाही. कामगाराच्या डोक्यावर फायनान्स कंपनीचा हप्ता असतो, बायकोच्या नावावर गटाचे कर्ज असते, दागिना गहाण असतो, शिवाय भिशी. हप्ता तीन महिने पुढे ढकलणे म्हणजे माफी नव्हे, हे २०२० च्या स्थगितीत लोकांना उशिरा कळले. चाळीस हजारांच्या शिल्लक कर्जावर २४ टक्क्यांनी महिन्याला ८०० रुपये व्याज चढतच राहते. त्याहून वाईट म्हणजे मदतीची रक्कम खात्यात आली की त्याच रात्री थकलेला हप्ता ती ओढून घेतो, आणि शिल्लक अपुरी असेल तर वर दंडही लागतो. सरकारी मदत घरात न येताच सावकारीत जिरते. जिल्हाधिकारी महोदय, बँकर्सच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष आपण आहात. मदत आणि भत्त्याची रक्कम आपोआप वळती होणार नाही असे खाते प्रत्येकाला निवडता यावे, काम सुटल्याची नोंद असलेल्या कर्जदाराला हप्ता चुकल्याचा दंड तीन महिने लावू नये, आणि वाढलेल्या मुदतीचा एकूण व्याजखर्च मराठीत लिहून द्यावा, या तीन गोष्टी त्या बैठकीच्या इतिवृत्तात याव्यात.

लघुउद्योजकाला बाजूला ठेवून कामगार सावरणार नाही, कारण वर्कशॉपचा पगार वरून येणाऱ्या बिलावर अवलंबून असतो. सूक्ष्म-लघु उद्योगांचे बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. प्रत्यक्षात मालक तक्रार करत नाही. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते. म्हणून तक्रारीची वाट न पाहता, निदान दोन्ही महापालिकांनी आणि जिल्ह्यातल्या शासकीय कार्यालयांनी आपल्याकडची ४५ दिवसांवरची थकीत बिले दर महिन्याला जाहीर करावीत.

कौशल्य प्रशिक्षणाचे वर्ग मंदीत हमखास निघतात. विद्यावेतन नसेल तर ते काढू नका. घरभाडे थकलेला माणूस तीन महिने वर्गात बसत नाही.

परत कामावर घेण्याचा मुद्दा मात्र कळीचा आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार छाटणी झालेल्या कामगाराच्या खात्यात १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम ४५ दिवसांत जमा व्हायला हवी, आणि मालक वर्षाच्या आत भरती करणार असेल तर आधी जुन्या माणसाला संधी द्यायला हवी. वर्ष उलटू दिले, किंवा तीच जागा ठेकेदारामार्फत भरली, की हा हक्क हवेत विरतो. छाटणी झालेल्यांची तारखेसह यादी कामगार कार्यालयाने ठेवली आणि कारखान्याच्या नव्या भरतीशी ताडून पाहिली, तरच त्याला अर्थ आहे.

ठेकेदारीच्या मूळ दुखण्यावरचे औषध तर याच शहरात चालू आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मार्केट यार्डातल्या हमालाची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (ठरावीक टक्के जादा रक्कम) मालक माथाडी मंडळाकडे भरतो; मंडळ पगार देते, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस सांभाळते. दुकान बदलले तरी हमालाचे खाते तेच राहते. महापालिकांच्या कंत्राटी कामगारांसाठी असेच एक खाते काढले, मजुरी ठेकेदाराच्या हातात न देता थेट त्यातून दिली, तर क्रमांक हरवणे, दिवस बुडणे, तारीख न भरणे हे तिन्ही प्रश्न मुळातून जातात. ठेकेदाराला त्याचे सेवाशुल्क मिळेल. त्याची नाराजी आम्हाला दिसते आहे. ती कशाबद्दल आहे तेही दिसते आहे.

राहता राहिला प्रश्न, मंदी आली हे जाहीर कोणी करायचे. वर्तमानपत्रांत बातमी येईपर्यंत दोन पगार बुडालेले असतात. आमची सूचना अशी: जिल्ह्यातल्या ईएसआय भरण्यातली माणसांची संख्या, भोसरी-चाकणचा औद्योगिक वीजवापर आणि अड्ड्यावरून कामाविना परतलेल्यांचा आकडा, हे तीन दर महिन्याच्या दहा तारखेला आपल्यासमोर यावेत. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून यांतले दोन सलग दोन महिने पाच टक्क्यांहून अधिक बिघडले, की शेल्फमधली कामे, केशरी कार्डाचे धान्य आणि संयुक्त शिबिरे वेगळ्या आदेशाची वाट न पाहता सुरू व्हावीत. पाच टक्के हा आकडा चर्चेने बदलता येईल. आधी ठरलेला आकडा असणे महत्त्वाचे, कारण ऐन मंदीत त्यावर एकमत होत नाही.

या मुद्द्यांवर चारही कार्यालयांची एकत्र बैठक बोलवावी, ही विनंती. बैठकीला येताना ईएसआयच्या मागील चार सहामाहींतले ‘लेफ्ट सर्व्हिस’, ‘रिट्रेंचमेंट’ आणि ‘नो वर्क’ या तीन कारणांचे आकडे मागवून आणावेत. दुरुस्त करायच्या नोंदींचे नमुने आणि निविदेच्या अटींचा मसुदा आम्ही घेऊन येऊ.

आपले,
पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण परिसरात कामगारांचे पीएफ, ईएसआय आणि भरपाईचे दावे भरणारे कार्यकर्ते, हिशेबनीस व वकील